दाणा गोड लागलाच नाही

मुळगाव, जानेवारी १९८८

खाणीच्या मॅनेजर साहेबांस,

मी मंजुळा गावस. गावच्या प्रत्येक सभेत जिची खोकणारी पोर तुमच्यापुढे उभी करतात, तीच. तुम्ही दर वेळी विचारता, आमच्या ट्रकांच्या धुळीनंच झालं कशावरून?

काल पणजीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दीपाच्या नाकात सॅकरिनचा बारीक दाणा ठेवला. म्हणाल्या, "घशांत गोड लागलें की सांग हां, बाय." निरोगी माणसाला ते थोड्याच वेळात लागतं म्हणे. दीपा मांडीवर हात ठेवून बसली. तास होत आला. पोरीनं खोटं तरी सांगावं, असं मला वाटायला लागलं. शेवटी तिनंच विचारलं, "आई, माझं कायतरी चुकतंय?"

मग बाईंनी समजावलं, श्वासाच्या वाटेत बारीक केस असतात. ते कफ आणि धूळ घशाकडे ढकलून बाहेर काढतात. दीपाचे हे केस जन्मापासून हलतच नाहीत. असं क्वचितच कुणाला होतं. म्हणजे हे तुमच्या धुळीनं झालेलं नाही.

एवढंच वाक्य तुम्ही उद्या सभेत वाचून दाखवाल, म्हणून हे पत्र मी पाठवत नाही. ते वाक्य मीच सांगेन. मग दीपाला तुमच्यासमोर बसवून विचारेन, इतरांची पोरं तुमची धूळ थोडीतरी बाहेर टाकतात, हिच्या आत गेलेली कुठे जाणार?

साहेब, हिच्या नाकातून तो एवढासा दाणासुद्धा पुढे सरकला नाही.

दीपाची आई,
मंजुळा