एका अक्षरावरून 'माजी' ठरलेल्या शाळेबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, शिक्षण विभाग,
जि. हिंगोली

विषय: 'माझी'ऐवजी 'माजी' लिहिले गेले म्हणून चालू शाळा बंद न करणेबाबत.

संदर्भ: १) भिंतीवरील मजकूर दुरुस्त करण्याचे पत्र. २) शाळा बंद करण्याचे पत्र. (दोन्ही एकाच दिवशी प्राप्त.)

अर्जदार: पद्माबाई धम्मानंद खिल्लारे, अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, मौजे सावरटाकळी.

महोदय,

अर्जदार पद्माबाई ही शेतमजूर असून तिची मुलगी ऐश्वर्या सदर शाळेत तिसरीत शिकते. समितीने दर्शनी भिंतीवर 'माझी शाळा, माझा अभिमान' असे लिहिण्याचे काम आखाडा बाळापूरचा पेंटर सोनाजी यास दिले होते. त्याने मोठ्या झोकात, बाजूला मोर काढून, 'माजी शाळा, माजा अभिमान' असे लिहिले. अर्जदाराने जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "आपुन बोलतो तसंच लिवलं की बाई. काहून तकलीफ करून घेता?" त्याचे म्हणणे बोलण्यापुरते बराबर होते, भिंतीवर मात्र ते चालणार नव्हते. दुसऱ्या दिवशी रंग आणून सुधारून देतो, असे त्याने कबूल केले.

परंतु दुसऱ्या दिवशी सोनाजीच्या आधी तपासणीचे साहेब आले. भिंत वाचून ते मोठ्याने हसले. "माजी शाळा! गावानं स्वतःच निकाल लावला म्हणायचा," असे म्हणून त्यांनी फोटो काढला आणि रांगेतल्या मुलांना 'माजी विद्यार्थी' अशी हाक मारली. साहेब हसत आहेत म्हणून लेकरेही हसली. त्या संध्याकाळी जेवताना ऐश्वर्याने विचारले, "आई, माजी म्हंजे काय?" अर्जदाराने सांगितले, "पहिले होतं, आता न्हाई." पोरीने हातातला घास ताटात ठेवला. "मंग आमी न्हाई का?"

पुढच्याच आठवड्यात संदर्भातील पत्रे आली. पहिल्यात म्हटले आहे की, अशा अशुद्ध लेखनाने मराठी भाषेचा अवमान होतो, सबब मजकूर तात्काळ दुरुस्त करावा. दुसऱ्यात म्हटले आहे की, पटसंख्या कमी असल्याने शाळा बंद करून मुलांना हायवेपलीकडच्या शाळेत पाठवावे. बंद करायच्या शाळेची भिंत कोणी वाचावी म्हणून सुधारायची, याचा खुलासा कोणत्याही पत्रात नाही.

हे विचारण्यास अर्जदार तपासणीच्या साहेबांकडे गेली असता ते म्हणाले, "बाई, आधी ज आणि झ मधला फरक शिका." त्यावर अर्जदाराने उत्तर दिले, "फरक कळला म्हणूनच आले, साहेब. अक्षर चुकलं तर त्याच्यावर रंग मारता येतो. त्या हायवेनं वसमतकडं हळदीचे ट्रक सुसाट जातात. त्यांच्याखाली लेकरू गेलं तर त्याच्यावर काय मारू?" साहेबांनी दुसरी फाईल उघडली.

दरम्यान सोनाजीने भिंत सुधारून दिली आहे. सबब पहिल्या पत्राचे पालन झाले. दुसऱ्याचे होणार नाही. शाळेची चावी नेण्यास माणूस आला तेव्हा अर्जदाराने त्यास "देत न्हाई" असे तोंडी कळविले. सदर वाक्य अशुद्ध वाटल्यास अशुद्धच राहू द्यावे, पण त्याचा अर्थ बदलू नये. त्या दिवशी पालक सखुबाई व इतर मुलांच्या आया कामाचा रोज बुडवून शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या, आणि आत पाढे चालू होते.

तरी शाळा आहे तेथेच चालू ठेवण्याचा लेखी आदेश द्यावा. आपला नकार असल्यास तो कृपया टपालाने धाडू नये. आपण स्वतः यावे, खडू घ्यावा, आणि 'तुमची शाळा बंद' हे लेकरांसमोर फळ्यावर आपल्या हाताने लिहावे. मोठी पोरे वाचतील. पहिलीच्यांना त्याचा अर्थ आपणच सांगावा.

आदर राखून, पण जागा न सोडता,

पद्माबाई धम्मानंद खिल्लारे
(सही)

मौजे सावरटाकळी
दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत: सर्व पालकांच्या सह्या व अंगठे.