शेवटच्या गाडीचा हार

चि. देवेश यास,
उस्मानपुऱ्यातून वैजनाथदादाचे आशीर्वाद, लागले तर.

तुझ्या जन्मानंतर काकांनी तुला दवाखान्यातून घरी आणलं ते ऐरावत मोटारसायकलवरच. आज तू त्याच ऐरावतच्या जाहिरात खात्यात साहेब आहेस, आनंद आहे. काल आमच्या वाळूजच्या बंद होणाऱ्या कारखान्यात येऊन म्हणालास, "दादा, दसऱ्याला पूजा करता तशीच करा. शेवटच्या गाडीला हार घाला अन् कॅमेऱ्याकडं बघून हसा. खाली ओळ येईल, 'मराठवाड्याच्या मातीतली गाडी'."

मी विचारलं, "अन् पुढच्या महिन्यापासून ती बनणार कुठं?"

"थायलंडला. पण माती आपलीच ना, दादा!"

लई भारी. माती आमची, हसू आमचं, काम तेवढं परदेशी.

जाताना हळूच म्हणालास, हसणाऱ्यांची नावं पुण्याच्या कारखान्यासाठी सुचवीन. माझ्याबरोबर काम करणारा सांडूभाऊ तयार झाला. त्याची पोरगी विशाखा अजून शिकतेय, त्याला मी दोष देत नाही. मला मात्र जमणार नाय. दसऱ्याला आम्ही हार घालतो तो गाडी गेटबाहेर पडून कुणाच्या तरी घरी जाणार म्हणून. कारखान्याला घालायचा हार वेगळा असतो, अन् तो घालताना कुणी दात काढत नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. त्यातलंही एखादं वाक्य उचलून तू जाहिरातीत घालशील. उद्या कॅमेरा खुशाल लाव. मी पुढच्याच रांगेत उभा राहीन. अंगावर कपडे कंपनीचे असतील, तोंड माझं असेल.

पुण्याला न जाणारा,
वैजनाथदादा