पैलवानाचा कच्चा खुराक

१ जुलै १९७१, गुरुवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवीच.
सकाळी फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये नव्या बारदानाच्या दोन गाठी उंदरांनी कुरतडलेल्या निघाल्या. सुपरिंटेंडेंट काकासाहेब म्हणाले, औषध टाका. मी सर्वांदेखत उभा राहिलो. म्हटलं, साहेब, ज्या पोत्यात साखर भरायची त्याच्याजवळ विष? मला महिना द्या, आमचा बोका आणतो. सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.
काकासाहेब हसले नाहीत. एकतीस तारखेला तपासणी. उंदीर गेले तर ठीक, नाहीतर भाऊसाहेब, स्टोअरच्या किल्ल्या खाली ठेवायच्या आणि वजनकाट्यावर जायचं. नऊ वर्षं त्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. झोपतानासुद्धा!
चिंता नाही. पैलवान आहे.

त्याच दिवशी, रात्री ९
पैलवानाचं निरीक्षण केलं. दूध-भाकरी खाऊन चुलीपाशी उताणा पडला होता. याने उंदीर मारलेला मी कधी पाहिलेला नाही. थोडी चिंता.

२ जुलै
मार्ग सापडला! काकासाहेबांच्या टेबलावर एक इंग्रजी मासिक होतं. ते जेवायला गेले तेवढ्यात वाचलं. मांजराला कच्चं मांस हळूहळू सुरू केलं की त्याची मूळ शिकारी वृत्ती जागी होते. पुढचं पान फाटलेलं होतं, पण मुद्दा कळला.
अडचण एकच. राही. तिची माळ लग्नाआधीपासूनची. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. लग्नात सासऱ्यांना शब्द दिला, तेव्हापासून चौदा वर्षं मीही शिवलेलो नाही. आठवणसुद्धा येत नाही. आखाडात शेजारून वास आला की खिडकी लावतो. लगेच नाही, पण लावतो.
तेव्हा प्रयोग घराबाहेर. वर्कशॉपमधला फिटर शांतवन दोन क्वार्टर सोडून राहतो. त्याचं परसदार द्यायला तो तयार झाला. म्हणाला, भाऊसाहेब, बोक्याचं नाव पुढं करू नका, तुमीच जेवायला या की सरळ. ख्रिस्ती माणूस, पण थट्टेखोर.

४ जुलै, रविवार
कॉलनीतल्या लोकांनी मिळून आखाडाचं बोकड कापलं. पळसाच्या पानांवर वाटे घातले. मी अर्धा वाटा मागितला. वाटे घालणारा गोरक्ष आमच्या स्टोअरचाच हमाल. सुरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, राहीवैनीला म्हाईत हाय का? म्हटलं, अरे, बोक्यासाठी आहे. त्याला इतकं हसू आलं की काळजाचा एक तुकडा वरून फुकट टाकला.
राहीला सांगितलं, पंप बघून येतो.
पैलवानाने मांस हुंगलं. मग पुढच्या दोन्ही पायांनी त्यावर व्यवस्थित माती ओढली आणि पाठ फिरवून बसला. पहिली प्रतिक्रिया उत्साहवर्धक. दहा मिनिटं दखल घेतली.

७ जुलै
शांतवनने सायकलवर श्रीगोंद्याहून मांस आणलं. बारीक तुकडे करून दुधात घातले. पैलवानाने दूध संपवलं. तुकडे बशीत धुतल्यासारखे स्वच्छ राहिले. जिभेचं कौशल्य वाढतं आहे.

८ जुलै
शांतवनच्या बायकोने, दयाबाईंनी सुचवलं की एक वाफ देऊन बघा. कच्चं म्हणजे नेमकं किती कच्चं हे मासिकात दिलेलं नव्हतं. वाफ दिली. हळद-मीठ लावलं, तेही जंतूंसाठी.
एक तुकडा खाल्ला! मी आनंदाने ओरडलो. दयाबाई म्हणाल्या, हळू, वैनी ऐकतील.

११ जुलै, रविवार
प्रयोगाची पुढची पायरी: भाजलेलं खोबरं, कांदा, काळा मसाला. पैलवानाने बशी चाटून उलटी केली. तिखट बोक्याला सोसेल का, हे कुणीतरी बघायला हवं होतं. जबाबदारी माझी. बघितलं. चार तुकडे.
हे खाणं नव्हे. टेस्टिंग.

१५ जुलै
टेस्टिंग भाकरीबरोबर करावं लागतं, नुसतं करून मसाल्याचा अंदाज येत नाही. आज दीड भाकरी. रश्श्याचंही टेस्टिंग केलं. दयाबाईंनी विचारलं, बोक्याला आनखी वाढू का? आणि माझ्या ताटात वाढलं. पाहुण्याने वाद घालू नये.
रात्री घरी जेवण जाईना. राहीला म्हटलं पोट जड आहे. तिने ओवा दिला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, हल्ली भांड्यांच्या फळीवर उंदरांच्या लेंड्या दिसतात.
मी मनातल्या मनात टाळी वाजवली. स्टोअरमध्ये दहशत पसरली असणार. पैलवानाच्या भीतीने उंदीर पळून आमच्याच घरी लपायला लागले आहेत!

१८ जुलै, रविवार
पैलवानाला पाटीत घालून, वर पोतं झाकून स्टोअरमध्ये नेलं. वजन भलतंच वाढलंय, वाटेत दोनदा पाटी खाली ठेवली. नव्या गाठीवर चढला आणि झोपला. एक उंदीर त्याच्या मिशीवरून गेला म्हटलं तरी चालेल. पैलवानाने एक डोळा उघडून त्याला जाऊ दिलं. शत्रूला गाफील ठेवणं म्हणतात ते हेच.
कुरतडलेल्या गाठी एकूण सहा. शत्रू घाबरून खातोय.

२२ जुलै, अवस
उद्यापासून श्रावण, म्हणून शांतवनकडे शेवटचा मोठा डोस. पैलवानाला हाडं दिली, दातांना व्यायाम. बाकीचं मी पाहिलं. उठताना शांतवनच्या खांद्याचा आधार लागला.
घरी राहीने सगळे दिवे घासून पाटावर मांडले होते. म्हणाली, नमस्कार करा. मी लांबूनच केला. ती म्हणाली, एवढ्या लांबून? म्हटलं, तेज सोसत नाही.

२४ जुलै
कॉलनीत वाटे बंद. शांतवन म्हणतो, आमाला श्रावण न्हाई, पण एकट्यासाठी बोकड कोन कापतंय? पैलवान काल दिवसभर दयाबाईंच्या दारात बसून ओरडत होता. मी कसाबसा उचलून आणला. मीही तिथे बसलो होतो, पण ओरडलो नाही.
हा उपास आता कामाला येईल. भुकेलेला शिकारी!

३१ जुलै, शनिवार, दुपारी ३
तपासणी झाली.
काकासाहेब, दोन क्लार्क, गोरक्ष, आणि मी पाटी घेऊन. वरचं पोतं काढलं. समोरून एक उंदीर निवांत आला. पैलवानाने त्याला पाहिलं, शेपटी फुगवली आणि उडी मारून थेट माझ्या खांद्यावर बसला. नखं शर्टातून आत गेली. गोरक्ष हसता हसता गाठीमागे गेला.
कुरतडलेल्या गाठी अकरा. काकासाहेबांनी हात पुढे केला. मला वाटलं, हस्तांदोलन. किल्ल्या हव्या होत्या.

रात्री
राहीला सगळं सांगितलं. भाकरी थापताना तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी काय बोक्याच्या गळ्यात माळ घातली होती? मांजराची जात ती. रोज पहाटे एक उंदीर आणून मागच्या पायरीवर ठेवायचा. तुम्ही उठायच्या आत मी चिमट्याने उचलून लिंबाखाली पुरायची, तुम्हाला चहा जाणार नाही म्हणून. कधी बोलले नाही, माळकरी घरात ते काय बोलायचं! तीन आठवडे झाले, एक आणलेला नाही. आयतं खायची सवय लागल्यावर कोण कशाला मारील?
अस्सल शिकारी होता. मी त्याला पंधरा दिवस खाऊ घालून मोडला.
माझं म्हणाल, तर तेही तिला पहिल्या टेस्टिंगपासून माहीत होतं. शर्ट तीच धुते. म्हणाली, खाल्लंत त्याचं काही नाही, बाहेर वेगळं भांडं ठेवून दिलं असतं. सगळ्या कॉलनीला ठाऊक आणि मी मात्र ओवा देत बसले, त्याचं वाईट वाटलं. तिचे डोळे भरले. मला खरंच लाज वाटली. इथे कारण काय लिहावं ते सुचत नाही.

५ ऑगस्ट, गुरुवार. वजनकाटा
ऊस नाही, सीझन नाही. दिवसातून एखादा चुन्याचा ट्रक. बाकी मी आणि काटा.
राहीने पैलवानाला तीन दिवस फक्त पाणी दाखवलं. काल पहाटे पायरीवर एक. आज दोन.
दुपारी गोरक्ष पाटी घेऊन आला. काकासाहेबांनी बोलावलंय म्हणाला. मी ताडकन उठलो, टोपी सारखी केली. चूक कळली होती साहेबांना! गोरक्ष पायाकडे बघत म्हणाला, तुमाला न्हाई भाऊसाहेब. बोक्याला. पायरीवरच्या उंदरांचं म्या सांगितलं, तर कायमचा ठेवायचा म्हनत्यात, दूध फॅक्टरीच्या खात्यातनं. विचारलं, माझ्याबद्दल काही? म्हणाला, न्हाई बा.
नेण्याआधी पैलवानाला काट्यावर ठेवलं, नोंद असावी म्हणून. ट्रकचा काटा. सुई हलली नाही.
गोरक्ष त्याला घेऊन गेल्यावर मी स्वतः उभा राहिलो. तरीही हलली नाही.