जिन्याखालचा पेला

३ फेब्रुवारी, शनिवार

काल मी सांगितलेलं लिहिलंस, ते आज आठवत नाही म्हणतेस! मला एक अक्षर येत नाही तरी सगळं पाठ आहे. तू बी.कॉम. झालीस नि पेन केसात खोचून घरभर शोधतेस. लिही, संघमित्रा — आज तुझी आजी शेवंती तुझ्या कॉफीच्या दुकानात गेली.

चाळीखाली पिठाची गिरणी होती, तिथेच. छातीवर तुझा बिल्ला, त्यावर नुसतं 'मित्रा'. संघ कुठे सांडला? तर म्हणालीस, "आजी, कस्टमरला लांब पडतं." पडत असेल. समोरच्या टॉवरवाल्यांना आपल्या चाळीचा जिनाही लांब पडतो.

मालक सौमित्र मात्र गोड. "आजी, खिडकीपाशी बसा." एक तारखेपासून तू मॅनेजर, असंही म्हणाला.

५ फेब्रुवारी, सोमवार

दुकानाच्या भिंतीवर कापडगिरणीतला, मागावर सूत नेणारा धोटा टांगलाय. पोरी त्याच्यासोबत फोटो काढतात. मी सौमित्रला सांगितलं — ह्यातून सूत तोंडाने ओढायचे, म्हणून माझ्या सासऱ्याला कधी विणायच्या साच्यावर घेतलं नाही. आमच्या जातीच्या माणसाची थुंकी कशी चालणार?

"वॉव आजी! हे बोर्डवर लिहू या."

तू बशा पुसत राहिलीस.

६ फेब्रुवारी, मंगळवार

त्या जाड कपाच्या कानात माझं बोट शिरत नाही. जिन्याखाली खिळ्याला स्टीलचा पेला दिसला. म्हटलं, म्हातारीची सोय केली पोरीने. त्यात कॉफी ओतून घेतली नि प्यायले.

सौमित्र धावत आला. "आजी, तो नको. तो भिवाचा आहे."

भिवा सकाळी दुकानापुढचा रस्ता झाडतो.

"मग? त्याला काय रोग आहे?"

"तसं नाही हो. टॉवरच्या लोकांना आवडत नाही. आपण तरी काय करणार?"

'आपण' म्हणाला.

मी विचारलं, हा पेला इथे कुणी अडकवला? तो तुझ्याकडे बघायला लागला.

हात का थांबला? लिही.

७ फेब्रुवारी, बुधवार

म्हणतेस, "मॅनेजर झाले की तो वेगळा पेला बंद करीन." सासऱ्यालाही गिरणीत माणसं लावणारा जॉबर असंच सांगायचा — पुढल्या महिन्यात साच्यावर घेतो. सूत कातायच्या रिंगखात्यातच म्हातारा झाला.

"आणि नोकरी गेली तर, आजी?"

तुझा बाप अंथरुणावर, धाकट्या सम्यकचं कॉलेज अर्धं. घरात कमावणारी तू एकटी. मलाही भीती वाटली. हेसुद्धा लिही, गाळू नकोस.

८ फेब्रुवारी, गुरुवार

पेला तिथेच आहे. तू जेवली नाहीस. मीही नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्षर वेगळं दिसेल. आज लिहिणारा सम्यक, संघमित्राचा धाकटा भाऊ.

सकाळी तिने भिवाला खिडकीपाशी बसवलं नि सगळ्यांना देतात त्याच कपात कॉफी दिली. सौमित्र म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." ती आजच बाहेर आली नि दुकानाच्या पायरीवर बसली. भिवा शेजारी. आता चाळीतली आठदहा माणसं बसलीत. कोणी उठत नाही.

सम्यक, लिहिणं पुरे. मी जिना उतरायला घेते, मला वेळ लागेल. तू शेजारच्या दीपिकाच्या हाती पुढे पाठव — तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण, कांदा. ताटं नकोत. सगळं एकाच परातीत.