हार कोण कोणाला घालतो

बाबा, तुमचा विनोद मी गेल्या आठवड्यात अमरावतीत, आमच्या कॉलेजात सांगितला आणि सपशेल तोंडावर पडलो. आता उद्यापर्यंत प्राचार्यांना लेखी खुलासा द्यायचा आहे. त्यात विनोदाचा अर्थ स्पष्ट करा, असं त्यांचं म्हणणं. इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवतो आहे, पण हा अर्थ लिहायला बसलो की विनोद ओळीओळीला मरतो आणि जे उरतं ते खरोखरच देवाची निंदा केल्यासारखं दिसतं. चार कागद फाडले. वैताग आलाय नुसता.

तुमचं मात्र कुठे काही अडलं नाही. अकोल्यात देवळाबाहेर तुमचं फुलांचं दुकान, सप्ताहाचा शेवटचा दिवस, मी नुकताच कॉलेजात गेलेला. कीर्तनकार महाराजांनी तासभर समजावलेलं की देव आणि भक्त, मी आणि तू, सगळं एकच. त्यांना हार घालायचा मान दर वर्षी तुमचा. तुम्ही शेवंतीचा हार उचलता, धोतरावरच्या पाकळ्या झटकता आणि विचारता, "सगळं एकच असन तं महाराज, हार कोन कोनाले घालून रायला?" मंडप खदखदून हसतो. महाराज डोळे पुसतात, "ते तं मलेही अजून समजलं नाई," म्हणतात आणि मान वाकवतात. तुम्ही हार घालता, त्यांच्या पाया पडता.

मी तुमचा एक शब्दही बदलला नव्हता. पाहुणे अद्वैतावर बोलले, सत्कार माझ्याकडे होता, हार माझ्या हातात होता. माइकवर तेच विचारलं. कोणी हसलं नाही. पाहुणे उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी तक्रार आली. लोकांना हसताच येत नाही आता, काळच बिघडलाय, असं मी स्टाफरूममध्ये दोन दिवस बडबडत होतो. घरी आईपुढेही तेच तणतणलो. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं, की मग हार घातला का तू? नव्हता घातला. हार हातात धरून मी लोक हसतात का ते पाहत उभा होतो.

"त्यायले तो प्रश्न खरंच पडला होता, बापा," ती म्हणाली. "तुले टाळ्या पाह्यजे होत्या."

मला तिचा राग आला, आणि ती खरं बोलत होती म्हणून जरा जास्तच आला. तत्त्वज्ञानाची पदवी माझ्याकडे आणि प्रश्न मात्र तुम्हाला पडायचे.

खुलासा लिहीन. माफीही मागेन. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून त्या खुलाशात न बसणारी गोष्ट इथे लिहितो. त्या दिवशी मंडपात सगळे हसले, मी हसलो नाही. माझे कॉलेजचे मित्र आले होते, मला तुमची लाज वाटली. परत येताना तुमच्या सायकलवर मागे बसून मी म्हणालो, की देवाधर्माच्या गोष्टीत असं अडाण्यासारखं बोलत जाऊ नका. तुम्ही "बरं" म्हणालात आणि पायडल मारत राहिलात. पुढच्या वर्षी तुम्ही महाराजांना हार घातलात, त्याच्या पुढच्याही वर्षी घातलात, पण एक अक्षर न बोलता. तुमच्याविरुद्धची पहिली तक्रार माझी होती, बाबा.