गोमाहून, कविराला

आईच्या लाडक्या लेकीला, कविराला,

तू किन्शासात सुखात आहेस, म्हणून सांगते. महिनाभर गोमाचा ज्वालामुखी धुमसत होता. 'घरटी एकच पिशवी भरून तयार राहा,' अशी दवंडी फिरली. मी मक्याचं पीठ, औषधं, पाणी भरलं. आईने सगळ्यात वर तुझा लग्नातला फोटो ठेवला.

"आणि माझा गं?" मी विचारलं.

"तू काय, समोरच असतेस की!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईची पाठ वळताच मी तुझा फोटो काढून गादीखाली सारला.

मंगळवारी भरदुपारी डोंगर फुटला. आईला पाठुंगळी घेऊन मी साके गावाच्या वाटेला लागले. मागे आमची गल्ली जळत होती. माझी चाल मंदावली, तशी आई कानाशी म्हणाली, "मला खाली ठेव, मासिका. कविरा लांब गेली तरी मी जगलेच ना? तुझ्याशिवाय नाही जगता यायचं. तू पळ."

मी तिला ठेवलं नाही. आम्ही पोचलो.

आई सुखरूप आहे, एवढंच तुला फोनवर सांगेन. तिचं ते बोलणं माझं एकटीचं आहे. म्हणून हे पत्र मी धाडणार नाही.

तुझी थोरली,
मासिका