श्यामसुंदरांसाठी काडतुसं

७ मार्च २००४
नेमबाजीच्या क्लबात चहाच्या वेळी सेक्रेटरी श्यामसुंदर सगळ्यांसमोर म्हणाले, वहिनी, श्रीधर गेल्यापासून बंदुकीवर छत्री वाळत घालता का? सगळे हसले. एप्रिलच्या मॅचमध्ये यांना हरवायचं. श्रीधरचा कप यांच्या शोकेसमधून परत आणायचा. तोही घरी भरलेल्या काडतुसांनी, श्रीधरसारखा.

८ मार्च
शाळेत मदर म्हणायच्या, सूड देवावर सोडावा. देवाचा नेम मी अजून पाहिलेला नाही.

९ मार्च
कॅम्पातल्या दुकानात जाऊन काडतुसं भरायचे प्रेस पाहिले. साध्यावर एका काडतुसासाठी चार-पाचदा हँडल ओढायचं. मोठा प्रेस दर हँडलला एक तयार बाहेर टाकतो. श्रीधर छोट्या पितळी यंत्रावर एकेक भरायचा, गुणगुणत. मी शेजारी मटार सोलायची. साधाच घ्यावा.

१० मार्च
श्यामसुंदरांकडे साधाच आहे म्हणे. मोठा सांगितला.

१३ मार्च
श्यामसुंदरांचा फोन. नंबर दिसला, उचलला नाही. प्रेसची बातमी लागलेली दिसते. घाबरले.

१५ मार्च
पुन्हा फोन. दोनदा. तडफडू देत.

१८ मार्च
प्रेस आला. घरात मजबूत म्हणजे फक्त जेवणाचं टेबल. बजरंग सुताराने विचारलं, बाई, रसवंती काढताय का? श्रीधर जेवायला बसायचा त्या बाजूला भोकं पाडून बसवला. त्याला आवडलं असतं.

१९ मार्च
हँडल भलतंच घट्ट. खांदा धरला. पण एक काडतूस झालं. देखणं. श्यामसुंदरांचं नाव त्यावरच.

२३ मार्च
हवालदार आले. निवडणूक आहे, परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करा. म्हटलं, माझी मॅच आहे. म्हणाले, मग क्लबतर्फे सूट मागायची होती ना मॅडम, मुदत संपली. तुमचे सेक्रेटरी सगळ्यांना फोन करत होते की.
बंदूक श्रीधरच्या शालीत गुंडाळून दिली.

१८ एप्रिल
कप श्यामसुंदरांना. संध्याकाळी पेढे घेऊन आले. प्रेसभोवती एक फेरी मारली. म्हणाले, मशीन उत्तम हो वहिनी. आता एखादी बंदूक बघा.
मी दुसरा पेढा घेतला नाही. कळलं असेल त्यांना.

१९ एप्रिल
श्रीधरच्या बाजूला आता ताट मावत नाही. वाढताना कोपर हँडलला लागतं.
सकाळी फोन वाजला. धावत जाऊन पहिल्याच रिंगला उचलला.
राँग नंबर.